आठ महिने टर्नटेबल: प्रत्येक बाजूची शेवटची तीन मिनिटं

या रेकॉर्ड प्लेअरच्या मॉडेलचं नाव देत नाही. बेल्ट ड्राइव्ह (मोटर रबरी पट्ट्याने तबकडी फिरवते), आतच फोनो स्टेज (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) आणि ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई धरणारी डबी): या किमतीत सगळे ब्रँड झाकण बदलून हेच विकतात, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं तुमच्याही प्लेअरला लागू पडेल. पहिल्या महिन्यात पाचपैकी चार तारे दिले होते. तिसऱ्या महिन्यात दोनवर आणले. आता साडेतीन आहेत. ब्लूटूथ, दिसणं, वेगाची अचूकता यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते वाचा. इथे फक्त एकच तक्रार आहे आणि ती लांबलचक आहे.

बाजू संपत आली की आवाज फाटतो. सुरुवातीला कळत नाही, कारण बहुतेक लोक पहिलं गाणं लावून 'वा' म्हणतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. किशोरी आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी लावा. भूपमध्ये 'प्रथम सुर साधे' हा विलंबित ख्याल आधी येतो, 'सहेला रे' नंतर. विलंबितात स्वच्छ असलेला 'स' सहेलाला पोचेपर्यंत थुंकल्यासारखा येऊ लागतो. याहून पक्की परीक्षा तानपुऱ्याची. तानपुरा बाजूभर एकसारखा वाजत असतो, म्हणजे रेकॉर्डवर आयता टेस्ट सिग्नलच. पहिल्या मिनिटातली जवारी (तारांचा झणझणता गुंजारव) ऐका, मग सुई उचलून शेवटच्या मिनिटावर ठेवा. जवारीची झिलई जाऊन नुसती खरखर उरली असेल तर तुमच्याकडेही हाच रोग आहे.

कारण साधं आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरची खाच मोठ्या वर्तुळावर असते आणि आतली लहान. बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या एका लाटेला बाहेर ५१ मायक्रॉन जागा मिळते, आत २१. व्हीएम९५ई च्या सुईच्या (पुढे नुसतं 'ई') कडेची त्रिज्या साडेसात मायक्रॉनच्या आसपास आहे. एवढी जाड कड दाटीवाटीच्या वळणांत नीट बसत नाही आणि स, श, च, जवारी, चाटेवरचा 'ना' असं सगळं बारीक काम विस्कटतं.

हे समजलं की रेकॉर्ड्सबद्दलची मतंच बदलतात. माइल्स डेव्हिसची जॅझ रेकॉर्ड 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) या प्लेअरवर पहिल्यापासून सुरेख वाजली आणि त्याचं श्रेय प्लेअरला देणं ही चूक होती. तिच्या दोन्ही बाजू संथ, हळुवार रचनांवर संपतात, आतल्या खाचांवर भारच पडत नाही. (याच रेकॉर्डची जुनी आवृत्ती मिळाली आणि पहिली बाजू चढी वाटली तर बेल्टला दोष देऊ नका. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीचं टेप मशीन हळू चालत होतं, त्यामुळे ती बाजू षड्ज आणि कोमल रिषभ यांच्यातल्या अंतराच्या जवळपास निम्म्याने वर वाजते. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून हे दुरुस्त झालं आहे.) मायकल जॅक्सनची 'थ्रिलर' (१९८२) तर हिशेबाने रचल्यासारखी: दुसऱ्या बाजूला 'बीट इट' आणि 'बिली जीन' बाहेरच्या प्रशस्त खाचांत, शेवटी संथ प्रेमगीत. बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड' (१९६९) ची पहिली बाजू गिटारच्या आणि वाऱ्यासारख्या घोंघावाच्या भिंतीत संपते. तिथे फाटलेला आवाज ओळखायचा कसा, हाच प्रश्न, म्हणून ती पास. पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) मात्र पकडली जाते. सगळ्यात भरगच्च समूहस्वर अगदी शेवटी, हृदयाच्या ठोक्यांच्या जरा आधी. आणि बेथोव्हेनची नववी सिम्फनी या प्लेअरवर लावूच नका. सगळं कोरस लेबलला टेकून गातं.

ख्यालाला यातून सुटका नाही. विलंबितातून द्रुताकडे चढत जाणं हा त्याचा स्वभाव, गाण्यांसारखा क्रम मागेपुढे करता येत नाही. सगळ्यात वेगवान ताना, सगळ्यात वरचे सूर, तबल्याचा द्रुत ठेका सगळ्यात अरुंद जागेत. त्यात बाजू बावीस मिनिटांच्या पुढे ताणलेली असली की खाच आणखी आत जाते. रागसंगीतातला अपवाद म्हणजे वाद्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७): पहाडीवर संपते आणि बासरीला 'स' म्हणावा लागत नाही.

वॉरंटीत तक्रार केली तेव्हा आलेल्या माणसाने बेल्ट बदलला, व्हिजिट चार्ज घेतला आणि 'विनाइलचा आवाज असाच असतो' असं सांगितलं. बेल्टचा इथे काडीचा संबंध नाही. बेल्ट बिघडला तर सूर हलतो किंवा उतरतो आणि तो बाजूभर, फक्त शेवटी नाही. वेग एक टक्का कमी झाला तर सूर सतरा सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली जातो, हार्मोनियम घेऊन बसलात की लगेच कळतं. दोन तारे तेव्हाचे.

नंतर जे उपयोगी पडलं ते असं. कार्ट्रिज कारखान्यातून तिरकी बसवलेली होती. प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज सरळ बसली का ते तपासायचा तक्ता) छापून घ्या, पण ठाण्यातला कुठलाही झेरॉक्सवाला 'फिट टू पेज' ठेवूनच छापतो आणि १०० मिलिमीटरची रेघ ९७ भरते. दुकानातच पट्टी लावून मोजा. कार्ट्रिज बसवण्याच्या नेहमीच्या बेअरवाल्ड मांडणीत सुई तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर बिनचूक बसते. स्टीव्हन्सन मांडणीत ६०.३ आणि ११७.४ वर, म्हणजे आतला बिंदू थेट लेबलजवळ. बाजूच्या मध्यावर थोडी चूक वाढते, पण तिथे विलंबित चालू असतं, त्याला फारसं कळत नाही. ख्यालासाठी स्टीव्हन्सन, रॉकसाठी बेअरवाल्ड, असं माझं मत. हेडशेलचे (कार्ट्रिज धरणाऱ्या टोकाचे) दोन स्क्रू सैल करून कार्ट्रिज सरकवली की सुईवरचं वजन बदलतं, हे बरेच जण विसरतात. सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या, पुन्हा २ ग्रॅम लावा, अँटिस्केटही (सुईची आत जाण्याची ओढ भरून काढणारा ताण) तितकंच. टोनआर्मवरचे (सुईच्या दांड्यावरचे) आकडे पाहून लावलेलं वजन काट्यावर १.७ भरलं होतं. कमी वजनाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

एवढ्याने निम्मं दुखणं गेलं. उरलेलं सुईच्या आकाराचं. व्हीएम९५ च्या सगळ्या सुया एकाच बॉडीवर बसतात, स्क्रूला हात लावायची गरज नाही. एमएल सुई (मायक्रोलिनिअर, बारीक कडेची) ई च्या साधारण तिप्पट किमतीची, म्हणून तीन महिने टाळली. मग हिशेब केला: ई चं आयुष्य कंपनी ३०० तास सांगते, एमएलचं १०००. तासाचा खर्च जवळपास सारखाच. हे आधी सुचलं असतं तर व्हिजिट चार्ज वाचला असता. 'सहेला'तला स आता स आहे आणि जवारी शेवटपर्यंत टिकते. नवव्या सिम्फनीतलं कोरस अजूनही किंचित दाटतं.

फुकटचा उपाय: जुन्या मोनो एलपीला अ‍ॅम्प्लिफायरवरचं मोनो बटण दाबा. आतल्या खाचांत सुई वरखाली चिमटली जाते, तो खोटा आवाज दोन्ही चॅनेल एकत्र आले की बराचसा रद्द होतो.

वापरलेली रेकॉर्ड घेताना चोरबाजारात असो की कुठे, कव्हर बघू नका. शेवटच्या तानेची खाच मध्यापासून किती लांब आहे ते बघा. ६५ मिलिमीटरच्या बाहेर संपत असेल तर निर्धास्त घ्या, ६० पर्यंत आत गेली असेल तर घासाघीस करा. आतला पट्टा उजेडात करडा दिसला तर ठेवून द्या. पाच-सहा ग्रॅमच्या जुन्या सुईने तो कुरतडलेला असतो, त्याला एमएल काय करणार?

ठाण्यापुरतं थोडं. घोडबंदर रोडलगत रात्री जड वाहनं सुटली की घरघर सुईतून वूफरपर्यंत पोचते. टेबलाखाली रबर लावून फरक पडला नाही, बीमच्या भिंतीवर ठोकलेल्या फळीने पडला. पावसाळ्यात कागदी आतली पाकिटं ओल धरतात आणि बुरशीचे ठिपके खाचेत उतरतात. जूनआधी पॉलिथिनची घाला, रेकॉर्ड उभ्या ठेवा. धुवायला चार भाग डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं चालतं), एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिक्विड सोपचे दोन थेंब, मग नुसत्या पाण्याचा हात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते.

मग साडेतीनच का? एक तारा त्या तिरक्या कार्ट्रिजचा. अर्धा झाकणाचा: बिजागरी सातव्या महिन्यात सैल झाली आणि झाकण आता मनाला येईल तेव्हा पडतं, तेही नेमकं बाजू संपल्यावर सुई उचलायला हात आत घातलेला असताना.