225/50 का 225/55? बेळगावात बीएमडब्ल्यूचे टायर बदलले त्याचा अनुभव

गाडी सेकंडहँड बीएमडब्ल्यू 320डी, एफ30 मॉडेल, रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या) टायरवाली. पावसाळ्यात चोर्ला घाटात पुढचं डावं चाक खड्ड्यात असं आपटलं की टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला, बाकीचे तीन पण झिजलेच होते, म्हणून चारही बदलायचं ठरवलो.

पहिल्या दुकानात साईज न बघताच म्हणाले आमच्याकडे 225/55 आर17 आहेत तेच घाला, रिम 17चीच आहे, गाडी उंच होईल, आपल्या रस्त्यांना बरं. मला पटलं पण होतं, स्पीडब्रेकरवर पोट घासायची भीती रोजचीच. तरी पैसे द्यायच्या आधी उद्यमबागेजवळच्या एका छोट्या दुकानात विचारून बघूया म्हणून गेलो आणि शेवटी तिथंच काम केलो, तर हा रिव्ह्यू त्या दुकानाचा.

दुकानातल्या मामांनी आधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडून स्टिकर वाचला, 225/50 आर17. मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनानं हिशोब. रुंदी 225 मिमी, त्याच्या 50 टक्के म्हणजे बाजूची उंची 112.5, वर खाली मिळून 225, त्यात 17 इंची रिमचे 432, झाले 657. 55चा घातला तर 679. म्हणजे चाक 22 मिमीनं मोठं, पण गाडी उचलणार त्याच्या निम्मी, 11 मिमी. आणि मीटरवर 100 दिसताना गाडी आधीपेक्षा 3 किमी जास्त पळणार, पाच माणसं बसवून स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर आतलं प्लास्टिक घासायची शक्यता वेगळी. "सेंटिमीटरभर उंचीसाठी कशाला वो साहेब हे सगळं?" म्हणाले.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. याच गाडीला 18 इंचीवर पुढं 225/45 आणि मागं 255/40 येतात, 16 इंचीवर 205/60. तिन्हीचा हिशोब करून बघा, चाक 652 ते 661च्या आतच राहतं, कंपनीनं रिम बदलली पण बाहेरचं माप जवळजवळ तेवढंच ठेवलंय. म्हणजे खड्ड्यांसाठी जास्त रबर पाहिजे असेल तर रिम लहान करायची, 16ला बाजू 123 मिमी मिळते. फक्त ती रिम ब्रेकवर बसते का ते आधी बघायला पाहिजे. मला चार रिमचा खर्च नको होता म्हणून 17च ठेवलो. 18वाल्यांनी तर सांभाळूनच राहा, बाजू 102च मिमी आणि पुढचे टायर मागं फिरवता पण येत नाहीत.

लोड नंबर पण बघा. 94 म्हणजे एका टायरला 670 किलो, 91 म्हणजे 615, स्वस्त मिळतो म्हणून 91 घेऊ नका. मला मिशेलिनचे साधे 98डब्ल्यू (98 हा लोड नंबर, डब्ल्यू हे स्पीडचं अक्षर) मिळाले, रनफ्लॅट नको म्हटलो कारण त्यांची बाजू कडक, प्रत्येक खड्डा कमरेत लागतो. पण रनफ्लॅट हवा गेली तरी 80च्या स्पीडनं साधारण 80 किमी नेतात, साध्याचं तसं नाही आणि माझ्या गाडीत स्टेपनी नाही, म्हणून डिक्कीत पंक्चर किट आणि कॉम्प्रेसर ठेवलोय. चोर्ल्यात रात्री अडकलं तर कोण येणार? बसवायच्या आधी मामांनी टायरवरचे तारखेचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष, स्वतः दाखवले, हे मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

कमी काय, तर माल बाहेरून मागवतात, तीन दिवस थांबलो. अलाइनमेंटचं मशीन नाही, त्यासाठी दुसरीकडे जायला लागलं. बसायला एक स्टूल.

तेव्हापासून खानापूर रोडनं दोनदा गोव्याला जाऊन आलो, गाडी मऊ चालते, आवाज कमी, फक्त जोरात वळवताना स्टेअरिंग आधीइतकं घट्ट वाटत नाही. नवीन टायर बसल्यावर गाडीच्या मेनूतून प्रेशर रीसेट करायला विसरू नका, मी विसरलो होतो, मामांनीच संध्याकाळी फोन करून आठवण केली.