झाडांच्या औषधांच्या दुकानातून औषध न देता परत पाठवतात (ठाणे पश्चिम) – ४ स्टार

मी इथे पहिल्यांदा गेले ती वैतागूनच गेले होते. गच्चीवर ड्रममधे कागदी लिंबू आहे, पाच वर्षांचं झाड, ह्या पावसाळ्यात त्याच्या पानांवर, कोवळ्या फांद्यांवर आणि पार लिंबांवर सुद्धा तपकिरी खरखरीत फोड आले, भोवती पिवळं वर्तुळ. घोडबंदरकडच्या एका नर्सरीने ४५० रुपयांचं "सगळ्या रोगांवर चालतं" असं टॉनिक गळ्यात मारलं, मग एका ॲपवर फोटो टाकला तर ते म्हणालं पोटॅश कमी पडतंय, तेही घातलं, झाड होतं तसंच.

इथे काउंटरवर काका बसतात. त्यांना मोबाईल दाखवायला गेले तर म्हणाले, "ताई, फोटो राहू दे, पान आणलंय का?" नशिबाने पर्समधे एक चुरगळलेलं होतं. त्यांनी ते उलटं केलं, दाराशी जाऊन उजेडात धरलं, बोटाने फोड चाचपला. "दोन्ही बाजूंनी उठलाय ना, म्हणजे कँकर. शेतकरी खैऱ्या म्हणतात. ही बुरशी नाही, जिवाणू आहे. आणि ही चांदीसारखी नागमोडी रेघ बघा, ही नागअळी. ती पान पोखरते आणि हा त्या जखमेतून आत शिरतो." मी पाच वर्षं ती रेघ बघत होते हो, मला वाटायचं पानाची डिझाईन आहे!

मग त्यांनी विकायच्या आधी कामं सांगितली. रोगट फांद्या छाटायच्या पण पाऊस नसेल अशा कोरड्या दिवशी, कारण हा पाण्याच्या शिंतोड्यांनीच पसरतो. दर फांदीनंतर कात्री स्पिरिटने पुसायची. छाटलेलं सगळं पिशवीत बांधून टाकायचं, कंपोस्टच्या ड्रममधे नाही (मी नेमकं तेच करत होते). पानांवर वरून पाइप सोडायचा नाही, पाणी बुंध्याशी. एवढं झाल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं औषध), लिटरला ३ ग्रॅम, आणि नवीन पालवी फुटली की नागअळीसाठी निंबोळी तेल, ते पण संध्याकाळी. आधी एकदा मी हेच तेल भर दुपारी मारून जास्वंदीची पानं भाजून घेतली होती, ते सांगितल्यावर काका नुसते हसले.

जुनी पानं काही सुधारत नाहीत, डाग तसेच राहतात, हे त्यांनी आधीच बजावलं होतं म्हणून बरं. पण दोन महिन्यांत आलेली नवीन पालवी बऱ्यापैकी स्वच्छ आहे.

दुसऱ्या वेळी जास्वंद घेऊन गेले, म्हणजे तिची फांदी. पानं काजळी फासल्यासारखी काळी, मला खात्री होती की जबरी बुरशी आहे. काकांनी पान मागून दाखवलं, देठाशी पांढरा कापूस, पिठ्या ढेकूण. तो रस पितो, चिकट गोड पाणी सोडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. "बुरशीनाशक घेऊन काय करणार, आधी ढेकूण घालवा, काळं आपोआप जातं." जोरात पाणी मारा, साबणाच्या पाण्याने पुसा, मुंग्यांची वाट बंद करा. बिल शून्य रुपये. कोण करतं हो असं आजकाल?

सोसायटीच्या लॉनचं पण तसंच. गोल गोल तपकिरी चट्टे पडत होते, कमिटीला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून रोज रात्री स्प्रिंकलर. काकांनी विचारलं, पहाटे चट्ट्याच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं का? दिसत होतं! बुरशी, आणि रात्रभर ओलं ठेवून आम्हीच तिला पोसत होतो. पाणी सकाळी द्यायला लागलो, युरिया थांबवला, ओल्या गवतावर मशीन फिरवणं बंद, चट्टे वाढायचे थांबले.

मोरचूद आणि चुना शेजारी शेजारी ठेवलेला दिसला म्हणून सहज विचारलं तर बोर्डो मिश्रणाची, म्हणजे ह्या दोघांपासून बनणाऱ्या बुरशीनाशकाची, गोष्टच मिळाली. फ्रान्समधे बोर्डोकडे रस्त्यालगतच्या द्राक्षांवर चोरांनी हात लावू नये म्हणून हे निळं पाणी मारायचे, मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की त्याच वेलींवर केवडा (बुरशीसारखा एक रोग) नाही, १८८५ मधे त्याने ते छापलं. १ टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, भांडं प्लॅस्टिकचं. लोखंडी सुरी बुडवून बघायची, तांबूस झाली तर चुना अजून हवा. कोकणात सुपारीवाले पावसाळ्याआधी हेच मारतात.

आता तक्रारी. पाकिटं मोठी, माझं सगळ्यात छोटं पण मला पाच वर्षं पुरेल. सुटं मागितलं तर ठाम नाही. "घरी नेऊन मसाल्याच्या डब्यात ठेवाल" म्हणे. राग आला पण चूक नाहीये, पाकिटावरचा त्रिकोण पण त्यांनीच समजावला, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि त्यांच्या ओळखीचा माळी मात्र अजिबात घेऊ नका, दोन तास उशिरा आला आणि कात्री न पुसता लिंबावरून थेट मोसंबीवर! एक स्टार त्याचाच कापलाय.

दुपारी १ ते ४ बंद असतं, माझ्या दोन फेऱ्या फुकट गेल्या. जाताना पान कागदात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजून कुजतं आणि मग काका तुम्हाला परत पाठवतात.