एका आमदाराचे पाकीट: वाचनालयातील कात्रणसेवेविषयी

सोलापूर जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या संदर्भ विभागात लोकप्रतिनिधींविषयीची वृत्तपत्रीय कात्रणे व्यक्तिवार पाकिटांत लावून ठेवलेली आहेत आणि सभासदांना ती तेथेच बसून वाचता येतात. सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख यांच्याविषयी वाचायचे होते, म्हणून लागोपाठ तीन दुपारी मी या सेवेचा लाभ घेतला.

पाकीट उघडताच हाती येतात ती ३० जुलै २०२१ रोजी झालेल्या त्यांच्या निधनानंतरची कात्रणे. ती संख्येने पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचा मजकूर एकसारखा आहे: एस. टी.चा प्रवास, साधी राहणी, शेतकरी कामगार पक्षाशी आयुष्यभराची निष्ठा. हे सगळे खरेच आहे. तथापि एवढेच वाचून उठणाऱ्याला आबासाहेबांचे राजकारण कळणार नाही. त्यासाठी खालच्या पिवळ्या पडलेल्या कागदांपर्यंत जावे लागते, आणि या सेवेचे खरे मोल तेथे आहे. १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेलेला हा माणूस १९७२ मध्ये पराभूत होतो, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परततो, १९७८ मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात जातो आणि १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या १९२ मतांनी हरतो. पुढे १९९९ ते २०१४ या काळातील चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या व एकूण विजयांची संख्या अकरा झाली. शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांच्या पक्षाचे राज्यभरात तीनच आमदार निवडून आले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे सांगोल्याची मते पक्षाच्या हवेवर पडत नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागते.

मग ती कशावर पडत होती, याचे उत्तर मात्र या पाकिटात अपुरे मिळते, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. सांगोला हा कायमच्या दुष्काळाचा तालुका. तेथे सहकारी सूतगिरणी उभी राहिली. कृष्णेचे पाणी टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून उचलून दुष्काळी तालुक्यांना मिळावे, म्हणून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर गणपतरावांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून वर्षानुवर्षे लढा दिला. या लढ्याची कात्रणे वाचनालयात नाहीत असे नाही. ती ‘पाटबंधारे’ या वेगळ्या पाकिटात आहेत आणि आमदाराच्या पाकिटावर तशी नोंद मात्र नाही. विभागातील कर्मचाऱ्यांनी मी न मागता ते पाकीट आणून दिले म्हणून माझे काम झाले. एखाद्या दिवशी ते रजेवर असले, तर वाचकाच्या वाट्याला केवळ निवडणुकांचा जमाखर्च येईल.

आणखी दोन उणिवा नोंदवाव्या लागतात. जुनी कात्रणे डिंकाने चिकटवताना वृत्तपत्राचे नाव व तारीख बऱ्याच ठिकाणी कापली गेली आहे. शिवाय काही कात्रणांत अकरा विजयांचा उल्लेख ‘देशातील विक्रम’ असा आढळतो. केरळमधील पाला येथून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले होते, त्यामुळे हा दावा टिकत नाही. अशा ठिकाणी शेजारी पेन्सिलीने टीप लिहिण्याची सोय संदर्भ विभागाने करावयास हवी. (महाराष्ट्रापुरता विक्रम मानला, तरी तो लहान ठरत नाही.)

एवढे असूनही तालुक्याच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याने येथे अवश्य यावे, असे मी म्हणेन. जागा शांत आहे, उजेड भरपूर आहे, छायाप्रती त्याच दिवशी मिळतात आणि पाकीट परत घेण्याची घाई कोणी करत नाही. आबासाहेबांनी २०१९ मध्ये निवडणूक लढवली नाही. त्या वर्षी त्यांचे नातू अनिकेत देशमुख पुन्हा शहाजीबापूंकडूनच ७६८ मतांनी हरले, आणि २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून निवडून आले. या दोन्ही निकालांची कात्रणे अजून आजोबांच्याच पाकिटात आहेत.