टीम्स फोन: कॉल पुढे देताना कुठे जमतं, कुठे अडतं

मायक्रोसॉफ्ट टीम्स फोनवर, म्हणजे टीम्स ॲपमधूनच ऑफिसचे फोन कॉल हाताळण्याच्या सोयीवर, कॉल घेणं-ठेवणं सोपं आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस दाबून घ्या, कंट्रोल-शिफ्ट-एचने ठेवा, झालं. कस लागतो तो आलेला कॉल दुसऱ्याकडे देताना, आणि तिथे हे सॉफ्टवेअर अर्धं चोख, अर्धं चकवणारं आहे.

ट्रान्सफर दोन तऱ्हेने होतो. थेट ट्रान्सफरमध्ये नाव किंवा नंबर निवडून बटण दाबलं की कॉल तुमच्या हातून गेला. समोरच्याने उचलला नाही तर त्याच्याच सेटिंगप्रमाणे तो व्हॉइसमेलवर किंवा आणखी कुणाकडे जातो. ग्राहक तुमच्याशी बोलत होता आणि आता यंत्राशी बोलतोय! बहुतेक तक्रारी इथूनच उगवतात.

दुसरी तऱ्हा 'कन्सल्ट देन ट्रान्सफर'. ग्राहक होल्डवर जातो, तुम्ही सहकाऱ्याला आधी विचारता आणि तो तयार असेल तरच कॉल सोपवता. विचारणं कॉलवरून करता येतं, तसंच चॅटवरूनही, आणि या उत्पादनातली सगळ्यात कामाची सोय हीच. मीटिंगमध्ये अडकलेला माणूस बोलू शकत नाही, पण 'दे' एवढं टाइप करू शकतो. शिवाय ग्राहकाचं नाव आणि कामाचं स्वरूप चॅटमध्ये लिहिलेलं राहतं, म्हणजे त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

'ॲड पीपल' या बटणाने सहकाऱ्याला चालू कॉलमध्ये आत घेऊन आपण बाहेर पडायचं, हा मोह टाळा. तिसरा माणूस आला की तो ग्रुप कॉल होतो, आणि ग्रुप कॉल ट्रान्सफरही करता येत नाही, पार्कही (म्हणजे कुणीही उचलावा म्हणून थांबवून ठेवणं) करता येत नाही.

कॉल नेमका कोणाला द्यायचा हे माहीत नसेल, फक्त 'स्टोअरमधलं कुणीतरी' एवढंच ठाऊक असेल, तर कॉल पार्क वापरा. कॉल पार्क केला की एक कोड मिळतो. तो तुम्ही विभागाच्या चॅटमध्ये टाकायचा, ज्याला वेळ असेल तो कोड घालून कॉल उचलतो. मूळ रचनेत कोड 10 ते 99 यांमधले असतात आणि 300 सेकंदांत कुणी उचलला नाही तर कॉल पार्क करणाऱ्याकडे परत वाजतो. ही मुदत 120 ते 1800 सेकंदांत बदलता येते. पाच मिनिटं संगीत ऐकत कोण थांबेल? ॲडमिनला सांगून ती 120 वर आणून घ्या. मेख अशी की ही सोय सुरुवातीला बंदच असते. ॲडमिन सेंटरमधल्या (ॲडमिनच्या सेटिंगच्या जागेतल्या) कॉल पार्क पॉलिसीतून ती चालू करावी लागते, आणि पार्क करणाऱ्याइतकीच उचलणाऱ्यालाही ही पॉलिसी लागू असावी लागते. बटणच दिसत नाही अशी ओरड झाली की आधी हे तपासा.

नावापुढच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. माणूस जागेवरून उठून गेला तरी तो काही वेळ हिरवाच राहू शकतो. बाहेरच्या कंपनीच्या नंबरवर कॉल द्यायचा असेल तर कन्सल्टच वापरा. पलीकडचा 'एक दाबा, दोन दाबा' मेनू तुम्ही डायल पॅडवरून पार करा आणि माणूस लाइनवर आल्यावरच कॉल सोपवा.

आवाज तुटत असेल तर हेडसेट बदलण्याआधी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी यंत्रणा, बघा. आवाजासाठी यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीचे 3478 ते 3481 पोर्ट (नेटवर्कचे क्रमांक दिलेले मार्ग) मोकळे लागतात.

रिसेप्शनसाठी मात्र हे जसंच्या तसं पुरत नाही. एक ग्राहक होल्डवर आणि सहकाऱ्याशी सल्लामसलत चालू असताना तिसरा कॉल वाजतो. चुकून तो घेतला की चालू बोलणंही होल्डवर जातं आणि कोण कुठे थांबलंय याचा गोंधळ उडतो. ॲडमिनने ठरवायच्या कॉलिंग पॉलिसीतली 'बिझी ऑन बिझी' ही सोय चालू केली की नव्या कॉलला बिझी टोन मिळतो. पण ग्राहकाला बिझी ऐकवण्यापेक्षा त्याच जागी न उचललेल्या कॉलचं सेटिंग लावणारा पर्याय घ्या आणि तो कॉल दुसऱ्या टेबलाकडे वळवा.