स्वतःचा अख्खा जीनोम वाचून घेतला: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: कंपनीचं ॲप बघू नका, कच्च्या डेटाची फाईल मागून घ्या.

एका चांगल्या लॅपटॉपएवढे पैसे गेले. लाळेची नळी कुरियरने पाठवली आणि काही आठवड्यांनी रंगीत रिपोर्ट आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला मुळात सिक्वेन्सिंगबद्दल, म्हणजे जीनोम (आपला सगळा डीएनए) अक्षर न् अक्षर वाचण्याबद्दल, बोलायचंय.

रिपोर्टचं पहिलं पान वंशाचं. 'दक्षिण आशियाई'. बरं, धन्यवाद. पुढे मधुमेहाचा धोका 'सरासरीपेक्षा किंचित जास्त'. आमच्याकडे आजी, बाबा, दोन्ही काका, सगळ्यांना साखर. ॲपने ते विचारलंही नाही. शेकडो जनुकांतल्या बारीकसारीक फरकांची बेरीज करून हे आकडे काढतात आणि त्यामागचा अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे. आपल्याला ते सैलच बसतात.

खरा माल कच्च्या डेटात आहे. संदर्भ जीनोमशी (तुलनेसाठी वापरतात तो नमुना) ताडून पाहिलं तर कुठल्याही माणसात साधारण ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. बहुतेक निरुपद्रवी. माझ्यातला एक मात्र ११व्या गुणसूत्रावर, हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या एचबीबी जनुकात निघाला. पहिल्या इंट्रॉनच्या (प्रथिन बनवताना वगळला जाणारा जनुकाचा तुकडा) पाचव्या जागी जी या अक्षराऐवजी सी. भारतात बीटा थॅलेसेमियाला (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) कारण ठरणारा हा सगळ्यात जास्त आढळणारा बदल. आयजीव्ही नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती जागा उघडली: एकाखाली एक रचलेले डीएनएचे वाचलेले तुकडे, जवळपास निम्म्यांत मूळ अक्षर, निम्म्यांत बदललेलं. म्हणजे एक प्रत ठीक, एक बिघडलेली. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. (हे जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर असल्याने पडद्यावर सीच्या जागी जी दिसतो. दचकू नका.)

जेनेटिक काउन्सेलरने लगेच एचबीए२ची (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधी रक्तचाचणी करायला लावली आणि तिने शिक्कामोर्तब केलं. इथे मला राग आला. ताईचं हिमोग्लोबिन कायम थोडं कमी, रक्तपेशी लहान. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू. तिचाही रिपोर्ट तोच निघाला. ती स्वस्त चाचणी कुणीही, कधीही करू शकलं असतं. त्यासाठी जीनोम वाचायची गरजच नव्हती.

भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे, त्यामुळे घरात वादही झाला. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर (दोन्ही प्रती बिघडल्याने होणारा गंभीर आजार) होण्याची शक्यता २५ टक्के. एकच असेल तर तो धोका नाही. एवढं समजावूनही "आता पाहुण्यांना काय सांगायचं?" हा ताईचा प्रश्न उरलाच. भाची म्हणाली, सांगायचं काय त्यात, त्यांनीही तपासून घ्यावं.

दुसरी कामाची गोष्ट: सीवायपी२सी१९ या जनुकाची माझी एक प्रत निकामी आहे. स्टेंटनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ती क्लोपिडोग्रेल शरीरात याच जनुकाच्या एन्झाइममुळे कामाला लागते, माझ्यात तिचा परिणाम कमी होऊ शकतो. डॉक्टरांनी फाईलवर नोंद केली. आज उपयोग शून्य, उद्याचं माहीत नाही.

हृदयाच्या एका जनुकात 'अर्थ अनिश्चित' असा शेराही होता. काही महिन्यांनी फेरतपासणी मागितली तेव्हा तो 'निरुपद्रवी'कडे सरकला. तर्क सरळ आहे: जो बदल धडधाकट भारतीयांत सर्रास सापडतो, तो दुर्मिळ आजाराचं कारण कसा असेल? जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले ते अशाच कामासाठी मोलाचे आहेत. म्हणून रिपोर्टची तारीख बघा आणि फेरतपासणी फुकट मिळते का, ते आधी विचारा.

मर्यादा: या पद्धतीत साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचून जुळवतात. सारख्याच अक्षरांची लांबलचक पुनरावृत्ती असेल किंवा शेजारी जुळं जनुक असेल तिथे गफलत होते. सीवायपी२डी६ या औषधांशी संबंधित दुसऱ्या जनुकाच्या निकालावर म्हणूनच मी विसंबत नाही.

घेणार असाल तर व्हीसीएफ (सापडलेल्या फरकांची यादी) आणि मूळ फास्टक्यू (वाचलेले कच्चे तुकडे) या दोन्ही फाईली लेखी कबूल करून घ्या, मोठी हार्डडिस्क ठेवा, आणि काउन्सेलरची वेळ पॅकेजमध्ये नसेल तर वेगळे पैसे देऊन घ्या. आणि नळीत थुंकण्याआधी सख्ख्या भावंडांशी बोला. तुमच्या रिपोर्टमध्ये त्यांचाही बराचसा भाग असतो.