सहकुटुंब युरोप: आपली ग्रुप टूर, परदेशी कोच टूर की स्वतः आखलेली सहल?

मे महिन्यातल्या युरोपची चौकशी गणपती उठले की सुरू होते आणि दिवाळीच्या आत बुकिंग करा म्हणून टूरवाल्यांचे फोन सुरू होतात. इथे पाच जणांचं कुटुंब धरून बोलतो: आजी-आजोबा, नवरा-बायको आणि नऊ-दहा वर्षांचं मूल. युरोप पहिल्यांदाच, पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली बघायचंय. समोर तीन पर्याय असतात. केसरी, वीणा वर्ल्ड, एसओटीसी, थॉमस कुक यांच्यासारख्यांची भारतातून निघणारी ग्रुप टूर. ट्रफाल्गर, कॉसमॉससारख्या परदेशी कंपन्यांची, युरोपातच सुरू होऊन तिथेच संपणारी कोच टूर, म्हणजे बसची टूर. किंवा स्वतः बुकिंग करून आखलेली सहल.

बहुतेकजण आधी दर विचारतात. मी आधी विचारेन की घरात सगळ्यात हळू कोण चालतं आणि संध्याकाळी जेवायला कोणाला काय लागतं. या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होऊन जातो.

कार्यक्रमपत्रिकेतला एक दिवस वाचून बघा

पॅरिसचा दिवस घ्या. ‘आर्क द ट्रिओम्फ, शाँज एलिझे, ऑपेरा, लूव्र, आयफेल टॉवर, सीन क्रूझ’. सहा नावं. यातली पहिली चार साधारणपणे बसच्या काचेतून किंवा फोटो स्टॉपपुरती असतात. लूव्र संग्रहालय ‘पाहणं’ म्हणजे काचेच्या पिरॅमिडसमोर फोटो. आत जाणार असाल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मंगळवारी लूव्र बंद असतं. आयफेलच्या पुढे ‘दुसरा मजला’ आहे की ‘शिखर’, हेही तपासा. तिकीट वेगळं, रांगही वेगळी. दोन कंपन्यांच्या दरात वीस-तीस हजारांचा फरक दिसला, तर तो अशा शब्दांत आणि हॉटेलच्या पत्त्यात लपलेला असतो. व्हेनिसचं हॉटेल बेटाबाहेर मेस्त्रेत किंवा पादोवाला, पॅरिसचं विमानतळाच्या बाजूला. फसवणूक नाही ही, पण जेवून आल्यावर बायकोबरोबर सीन नदीच्या काठी फिरायचं स्वप्न असेल तर ते तिथून जमत नाही.

आता ‘सव्वासातला बॅगा खोलीबाहेर’ या हुकुमाबद्दल. टूर मॅनेजर उगाच छळत नसतो. युरोपातल्या नियमांप्रमाणे बसचालकाने एकूण साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटांची विश्रांती, दिवसात सर्वसाधारणपणे 9 तास ड्रायव्हिंग (आठवड्यातून दोनदा 10), आणि रात्रीची विश्रांती साधारण 11 तासांची. एका कुटुंबाने सकाळी वीस मिनिटं उशीर केला तर दिवसाच्या शेवटचं ठिकाण कापलं जातं, आणि मग चाळीस जणांच्या नजरा त्या कुटुंबाकडे. गुडघेदुखीवाल्या आजीला हा ताण सोसवेल का, हे तिच्या मुलाने आधीच विचारात घ्यावं.

आपली ग्रुप टूर

हिची खरी ताकद जेवण आणि माणसं. रोज रात्री भारतीय रेस्टॉरंट: डाळ, भात, पनीरची भाजी, एखादं गोड. पाचव्या रात्री तीच पनीरची ग्रेव्ही पाहून तरुण मंडळी वैतागतात, पण आजोबांना इन्शुलिनच्या वेळेला ताटात काय येणार हे ठाऊक असतं, आणि ही गोष्ट छोटी नाही. जैन जेवणाची सोय बहुतेक ठिकाणी असते. सांगावं मात्र बुकिंगच्या वेळीच. टूर मॅनेजर मराठी किंवा हिंदी बोलणारा, रात्री गोळी हवी झाली तरी दार ठोठावता येतं. बसमध्ये अंताक्षरी होणारच. ती नकोशी वाटणाऱ्यांनी हेडफोन घ्यावा.

तोटा गतीचा. ‘दहा देश, पंधरा दिवस’ अशी टूर मी या कुटुंबाला सुचवणार नाही. पॅरिसहून ल्युसर्न बसने म्हणजे जवळपास अख्खा दिवस; पॅरिस ते ल्युसर्नजवळचं झुरिक हे अंतर मात्र वेगवान रेल्वे साधारण चार तासांत कापते. त्यामुळे देश मोजण्यापेक्षा एकेका हॉटेलात किती रात्री आहेत ते मोजा. सलग तीन रात्री एकाच ठिकाणी असतील तर आजी-आजोबा एखादा दिवस खोलीत आराम करू शकतात. सलग चार दिवस रोज बॅग भरायची असेल तर पाचव्या दिवशी घरात भांडण ठरलेलं.

डोंगरावरच्या दिवसाची चौकशी वेगळी करा. टिटलिस साधारण 3,000 मीटर, युंगफ्राउयोख 3,454 मीटर. केबलकार आणि रेल्वे तासा-दोन तासांत तिथे पोचवतात, शरीराला सवय व्हायला वेळ मिळत नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि वर न जाता खाली एंगेलबर्गमध्ये किंवा ग्रिंडेलवाल्डमध्ये थांबता येईल का, हे टूरवाल्यांना विचारून ठेवावं.

परदेशी कोच टूर

विमानाची तिकिटं आपली आपण काढायची, पॅरिसला किंवा रोमला जाऊन गटात सामील व्हायचं. सहप्रवासी अमेरिका, ऑस्ट्रेलियातले, बरेचसे निवृत्त. मार्गदर्शन इंग्रजीत आणि बहुधा उत्तम. अनेक संध्याकाळी मोकळ्या सोडतात, रात्रीचं जेवण आपलं आपण शोधायचं. इंग्रजी सहज समजणाऱ्या, पास्ता-सॅलडवर खूश असलेल्या जोडप्याला मी डोळे झाकून हीच सांगेन. पण आपल्या पाच जणांसाठी नाही. गटात मुलाच्या वयाचं कोणी असेलच असं नाही, दगडी रस्त्यांवर पायपीट जास्त, आणि शाकाहारी आजीला तीन दिवसांत ब्रेडचा कंटाळा येतो.

टूर कुठलीही असो, व्हेनिसमध्ये गट किती मोठा आहे ते महत्त्वाचं ठरतं. 2024 पासून तिथे मार्गदर्शकासोबतच्या गटात 25 पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, लाउडस्पीकरही नाही. चाळीस जणांचा गट तिथे तुकड्यांत विभागावा लागतो. तुमची कंपनी ते कसं करते, हे विचारायला हरकत नाही.

स्वतः आखलेली सहल

तीन देश, पाच माणसं, पहिलीच वेळ असेल तर हे करू नका. पण फक्त स्वित्झर्लंड असेल तर नक्की विचार करा. स्विस ट्रॅव्हल पासवर रेल्वे, बस, बोटी चालतात, टिटलिसवर निम्मी सवलत मिळते, आणि पासधारक आई-वडिलांबरोबर 6 ते 15 वर्षांची मुलं मोफत फॅमिली कार्डावर फुकट फिरतात. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलं तर कूप किंवा मिग्रोमधून दही, भाज्या आणून आजी स्वतः खिचडी टाकते. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली उघडी. अडचण एकच: प्रत्येक बॅग आपणच उचलायची, प्लॅटफॉर्म आपणच शोधायचा, आणि घरातल्या एकाची सुट्टी टूर मॅनेजरची नोकरी करण्यात जाते.

पैशांचं आणि व्हिसाचं

काही ठिकाणी दर ‘अमुक रुपये अधिक तमुक युरो’ असा सांगतात. दोन्ही मिळवून, जीएसटी, टीसीएस (टूरच्या पैशांबरोबर आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर), व्हिसा, विमा आणि टिप्स धरूनच तुलना करा. टीसीएस ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याच्या प्राप्तिकरात जमा दिसतो, त्यामुळे तो कोणाच्या नावावर कापायचा हे बुकिंगआधी ठरवा. आजोबांना करच बसत नसेल तर विवरणपत्र भरून परतावा मागावा लागेल. याचे दर अर्थसंकल्पांत बदलत आलेत, म्हणून आजचा दर लेखी घ्या.

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचं, शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, त्याखाली माफ; व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. ग्रुप टूरवाले कागदपत्रं भरून देतात, बोटांचे ठसे द्यायला मात्र स्वतः जावं लागतं. आजी-आजोबांची मुलगी जर्मनीत असेल आणि टूरनंतर तिच्याकडे आठवडाभर राहायचं असेल, तर जॉइनिंग-लीव्हिंगची (गटात वाटेत सामील होणं किंवा गट आधी सोडणं) ही गोष्ट व्हिसाच्या अर्जाआधी सांगा, नाहीतर तारखा टूरपुरत्याच मिळण्याची शक्यता असते.

सगळी रक्कम पहिल्याच दिवशी भरू नका. 1758 पासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि आगाऊ पैसे भरलेल्या कुटुंबांची पंचाईत झाली. टप्प्याटप्प्याने, शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार याचा तक्ता मागून घ्या. त्यात एक ओळ शोधा: पाचांपैकी एकाचाच व्हिसा नाकारला गेला तर उरलेल्या चौघांचं काय? ती ओळ नसेल तर ईमेलने उत्तर मागा, काउंटरवरच्या तोंडी आश्वासनावर चेक फाडू नका.