गोधडीच्या लेबलावर नाव कुणाचं: आजीचं, गावाचं की ‘सृजन’?

घरी गोधड्या शिवणाऱ्या, क्रोशाची खेळणी विणणाऱ्या, कापडी पिशव्या करणाऱ्या मंडळींची लेबलं मी साताऱ्यात छापतो. बहुतेक जण नाव पक्कं न करताच येतात. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर तीन-चार नावं आणि प्रश्न एकच: यातलं कुठलं बरं दिसेल? दिसण्याचं काय, टाइप बदलला की कुठलंही बरं दिसतं. पेच दुसराच असतो. नावातून माया कळावी, गाव कळावं आणि मालही कळावा, अशी सगळ्यांची इच्छा. दोन इंची लेबलावरच्या एका शब्दाला एवढं ओझं पेलत नाही. त्यामुळे नावात काय घ्यायचं आणि खालच्या ओळीत काय ढकलायचं, एवढंच खरं तर ठरवायचं असतं.

सगळ्यात आधी सुचतं ते गावाकडचं नाव. कास, अजिंक्यतारा, कृष्णाई, माणदेशी. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला त्यातून पटकन ओळख पटते, हे खरं. पण जे तुम्हाला सुचलं ते बाकीच्यांनाही सुचतंच. वाईपासून मिरजेपर्यंत नदीकाठानं गेलात तर कृष्णाई नावाची डेअरी, पतसंस्था, मंगल कार्यालय, काहीही सापडेल. शिवाय १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ आडवं येतं. माल कुठला आणि कसला एवढंच सांगणाऱ्या शब्दाची नोंदणी सहसा होत नाही. अर्जाआधीच्या वापरानं तो शब्द तुमच्याच मालाची खूण झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘सातारा गोधडी’ पाटीवर खुशाल लिहा, पण उद्या शेजारच्या गल्लीत कुणी तेच लिहिलं तर त्याला अडवणं अवघड.

गावाच्या नावाला खरा जोर येतो तो अख्ख्या गावानं मिळून ते कमावलेलं असेल तेव्हा. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे माल त्या भागाचाच असल्याची सरकारी नोंद) मिळालं. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरानं वेगळं गोंडस नाव शोधत बसायचं कारणच नाही, गिऱ्हाईक मिरजेचं नाव विचारतच येतं. कोल्हापुरी चपलेचंही तसंच. २०१९ च्या तिच्या मानांकनाच्या क्षेत्रात सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आहेत. तुमची चपल त्या पद्धतीनं बनत असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या आणि ‘कोल्हापुरी’च्या शेजारी आपलं आडनाव लावा. गोधडीला मात्र साताऱ्यात असा आधार नाही.

कामाचं नाव म्हणजे टाका, धागा, वाकळ (म्हणजे गोधडीच). ऐकताच माल कळतो. यातलं ‘वाकळ’ माझ्या आवडीचं, आपल्याकडच्या घराघरातलं. पण ते इंग्रजी अक्षरांत लिहायची वेळ आली की घोळ सुरू. कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू, शेवटच्या ळ ला तर अक्षरच नाही. इन्स्टाग्रामवर शोधणाऱ्याला तीन-चार स्पेलिंगं टाकून पाहावी लागतात, तोवर त्याचा उत्साह संपतो. दुसरी अडचण धंद्याची. गोधडी खपते थंडीत. उन्हाळ्यात पिशव्या, पाऊच, खेळणी काढली की ‘वाकळ’ नावाची पिशवी विकताना दर वेळी खुलासा करत बसायचं.

मग येतात अर्थपूर्ण नावं. सृजन, निर्मिती, ऊब, कलाविष्कार. अर्थ सुंदर, पण कुठल्याही प्रदर्शनात दोन स्टॉल सोडून तिसऱ्यावर तेच. आणि एक आमच्या बाजूचं गाऱ्हाणं: वोव्हन लेबलात अक्षर दोऱ्यानं विणलेलं असतं. ‘निर्मिती’मधला रफार आणि वेलांट्या छोट्या लेबलात एकमेकांत इतक्या गुंततात की गिऱ्हाइकाला नुसता गठ्ठा दिसतो. ‘ऊब’ला तो त्रास नाही.

देवाचं नाव द्यायचं तर श्रद्धेनं द्या, मालकी मिळेल या आशेनं नको. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर एकट्याचा हक्क मान्य करायला सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये नकार दिला होता. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र लावायचा मोह कुणालाही होईल, पण १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत ते आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. इंग्रजी नावाबद्दल एवढंच, की नावातच ‘हँडमेड’ असेल तर ते शेकडो नावांत हरवतं.

राहिलं घरातलं नाव, आणि एकट्यानं धंदा करणाऱ्याला मी तेच सुचवतो. आजीचं नाव लक्ष्मी किंवा सावित्री असेल तर गर्दी आहेच. पण ठकूबाई, कोंडाबाई, सोनुबाई अशी नावं असली की घरचेच संकोचतात, ‘जुनाट वाटेल हो’ म्हणतात. अहो, तेच तर हवंय! एकदा ऐकलं की विसरत नाही, बोलायला सोपं, आणि उद्या गोधडीच्या जागी बाहुल्या केल्या तरी चालतं. तुमचं स्वतःचं नाव असेल तर प्रामाणिकपणे ते वापरायला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ चा आधारही आहे. मोठ्या अक्षरांत ‘ठकूबाई’, खाली बारीक ‘हातशिलाईच्या गोधड्या, सातारा’. माल बदलला की फक्त खालची ओळ बदलायची.

बचत गटाला मात्र हे सांगणार नाही. दहा जणींच्या गटात एकीच्या सासूचं नाव लागलं की बाकीच्या नऊ जणींच्या सासवा आठवतात. तिथे ‘ऊब’सारखं कुणाचंच नसलेलं नाव बरं.

नाव ठरलं की लगेच छापायला येऊ नका. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. सारख्या उच्चाराची नावंही तपासा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका प्रकाराला, ४,५०० रुपये आहे. गोधडी वर्ग २४ मध्ये, हातातली बॅग १८ मध्ये, खेळणी २८ मध्ये, त्यामुळे सगळंच नोंदवायला गेलात तर शुल्क तिप्पट होतं. आधी जे खपतंय त्याचाच वर्ग घ्या. अर्ज मंजुरीला आला की ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापतात, पुढे चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण. तोवर सुती पट्टीवर थोडीच लेबलं छापून घ्या, वोव्हनची मोठी ऑर्डर नंतर. आणि गोलातला आर (®, नोंदणी झाल्याची खूण) नोंदणी होईपर्यंत लावू नका, तो गुन्हा ठरतो. पुष्कळ जण मजकुरात तो आधीच घालून आणतात आणि मी तो काढायला लावतो.